अर्धा पासवर्ड

हनीफभाईंविषयी खरं तर दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. त्यांना चांगलं म्हणणारी माणसं लातुरात पुष्कळ आहेत. पण माझी मुलगी दीपमाला म्हणाली, "अप्पा, त्यांना तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं न्हाई." हे खरं आहे. मी का पाहत होतो, ते मात्र तिनं विचारलं नाही.

माझा जन्म दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवण्यात गेला. स्वतःचं लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला वाटतं, हे कोण वाचणार. तरी लिहितो.

आम्ही दोघं औशाच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, बाजार समितीच्या पावत्या, जत्रेची आणि उरुसाची हँडबिलं. शिशाचं एकेक अक्षर लाकडी खणातून उचलायचं आणि ओळ उलटी लावत जायची, असं ते काम. हनीफभाई उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मी मराठी शाळेतला, दहावीला बसलेला. तरी मराठी मजकूर माझ्याआधी त्यांचा लागायचा. मालक गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, हनीफच्या बोटांना डोळे आहेत. माझ्या बोटांबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. सुरुवात तिथूनच झाली असावी.

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडे गावंच्या गावं गेली. त्यामानानं आमचं काहीच गेलं नाही, म्हणून आमच्या नुकसानीबद्दल बोलायची लाज वाटते. छापखान्याची मागची भिंत आत पडली आणि खिळ्यांचे सगळे खण तिच्याखाली दबले. हाताला दुसरं काम नव्हतं. आम्ही ढिगाऱ्यातून खिळे वेचायला बसलो. माती चाळणीनं चाळायची आणि मग काना वेगळा, वेलांटी वेगळी, क वेगळा, फ वेगळा. माझा जीव दुपारपर्यंत आंबून जायचा. मधेच जमीन हलायची, मी उठून रस्त्यावर पळायचो आणि परत येऊन पाहतो तर हनीफभाई तिथंच बसलेले. सगळे खण भरत आले तेव्हा मालकांनी सांगितलं की आता छापखाना उभा करायचा नाही, शिसं वजनावर विकलं आहे. इतक्या दिवसांची त्यांची मेहनत मातीत गेली हे पाहून मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. ते मात्र हात झटकून म्हणाले, "चला अप्पा, तेवढाच वेळ गेला." या माणसाला वाईट कशाचं वाटतं, हेच मला कधी सापडलं नाही.

मग आम्ही लातूरला आलो. रामलिंग सरांनी तेव्हा दोन खोल्यांत गणिताचा क्लास काढला होता आणि त्यांना पेपर तयार करून देणारी माणसं हवी होती. आम्ही दोघंही लागलो. आधी स्टेन्सिल कापायची, मग कॉम्प्युटर आले. लातूरचं नाव होत गेलं तसा क्लास मजल्यांनी वाढत गेला. नांदेड, अहमदपूर, देगलूरकडची पोरं ट्रंका घेऊन यायची, खोल्या घेऊन राहायची, डबे लावायची. फिजिक्सचे सर आले, केमिस्ट्रीचे आले, बायोलॉजीचे आले. क्लासचे क्लासेस झाले. लातुरात तेव्हा ज्याच्या हातात खडू, तो सर. जिन्यावर कुणाला नुसती 'सर' म्हणून हाक मारली तर चारपाच जण वळून पाहायचे. आम्ही दोघं खालच्या खोलीत बसून टाइप करायचो. मी मन्मथप्पा, ते हनीफभाई. आमच्यात तोपर्यंत तोल बरा होता.

तो बिघडला लिनक्समुळे. एका वर्षी व्हायरसनं सराव परीक्षेचे सगळे पेपर खाल्ले. रामलिंग सर डोक्याला हात लावून बसले. हनीफभाईंना एका मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर टाकायच्या लिनक्सची सीडी मिळाली होती. ते म्हणाले, ह्याला तसला रोग लवकर होत न्हाई म्हणतात, बघू का लावून? पुढे ते महिनोन्महिने डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी वाचत बसायचे. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं, डोळ्याला चाळशी. मी मनात म्हणायचो, बघू किती दिवस टिकतं. शेवटी एक मोठं मशीन त्यांनी वरच्या काचेच्या खोलीत बसवलं आणि इमारतीतले सगळे कॉम्प्युटर त्याला जोडले. सगळ्या सरांच्या फाइली त्या एकाच मशीनमध्ये.

एका मशीनमध्ये सगळ्यांच्या फाइली म्हटल्यावर भांडणं आलीच. प्रत्येक सरांना आपले प्रश्न जिवापाड. दुसऱ्यानं पाहिले तर तो उद्या नवा क्लास काढून तेच प्रश्न देईल, ही भीती. हनीफभाईंनी सगळ्या सरांना एका वर्गात बसवलं, फळ्यावर तीन चौकोन काढले आणि सांगितलं की प्रत्येक फाइलीला तीन तऱ्हेची माणसं असतात. मालक, गट आणि बाकी सगळे. प्रत्येकाला काय करू द्यायचं ते वेगळं ठरवता येतं. वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, चालवू द्यायचं का. "मालक म्हणजे घरधनी. गट म्हणजे भावकी. बाकीचे म्हणजे रस्त्यावरचे," असं ते म्हणाले. "भावकीला वाचू द्या, हात लावू देऊ नका."

फिजिक्सचे सर मागून म्हणाले, "रस्त्यावरच्यांचं काय न्हाई हो, भावकीचाच बंदोबस्त करा."

वर्ग हसला. मी दाराशी उभा होतो. सातवी शिकलेला माणूस एमएस्सी लोकांना शिकवतो आहे आणि ते लोक वह्यांत उतरवून घेताहेत, हे पाहून मी खाली निघून आलो.

पुढे एकदा केमिस्ट्रीच्या सरांची एक फाइल नाहीशी झाली. त्यांनी ती फक्त वाचण्यापुरती ठेवली होती, लिहायचा हक्क कुणालाच नव्हता. मग पुसली कशी, म्हणून ते हनीफभाईंवर चढले. मला वाटलं, आता बरा सापडला. पण हनीफभाईंनी सरळ सांगितलं की चूक माझीच आहे. फाइलीला कुलूप लावलं, पण फोल्डर साऱ्या गटाला उघडं ठेवलं. फाइल पुसता येते की नाही, हे फाइलीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ठरतं. मला म्हणाले, "खिळ्यावरचं अक्षर कुणाला बदलता येत न्हाई अप्पा. पण खण उघडा असला तर खिळा उचलून फेकायला कितीसा येळ?" मग त्यांनी फोल्डरांवर एक खूण लावली, तिच्यामुळे ज्याची फाइल त्यालाच ती पुसता येऊ लागली. चूक कबूल करूनही माणसाची किंमत वाढते, हे मी तिथं पाहिलं. केमिस्ट्रीचे सर स्वतः त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. म्हणाले, "घ्या, हनीफ सर."

त्या दिवसापासून सगळे त्यांना हनीफ सर म्हणू लागले. मी अप्पाच राहिलो. अप्पा म्हणणं मानाचं आहे, हे मला ठाऊक आहे. माझी बायको गौरम्माही तेच म्हणाली. पण रिकाम्या खोलीत बसून टाइप करताना वरच्या मजल्यावरून 'हनीफ सर' अशी हाक ऐकू आली की माझी ओळ चुकायची.

त्यांची मुलगी जेबा आणि माझी दीपमाला, दोघी एका वर्षाच्या, एका शाळेतल्या. दोघी सायकलीवर बरोबर यायच्या. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. रामलिंग सरांनी आमच्या दोघांच्याही मुलींना क्लासमध्ये घेतलं होतं. बारावीला दर रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी जिन्यात नंबरांची यादी लागायची. वरच्या मुलांची स्पेशल बॅच. तिथं सगळ्यात चांगले सर शिकवायचे, शंका सोडवायला उशिरापर्यंत थांबायचे. त्या बॅचमध्ये असलं तर मेडिकलची आशा. नसलं तर नशीब. अख्खं लातूर त्या यादीवर जगत होतं म्हटलं तरी चालेल. पोरं यादी पाहायला धावायची आणि त्यांच्या मागून आईबाप.

दिवाळीनंतर जेबा पहिली आली. पुढच्या रविवारीही पहिली. तिसऱ्या वेळी जिन्यात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी रूट हा शब्द उचलला होता. लिनक्समध्ये सगळा कारभार ज्या नावानं चालतो ते नाव रूट. फाइलीवर कसलंही कुलूप लावा, रूटला ते आडवं येत नाही. हे हनीफभाईंनीच त्या फळ्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. कारण त्यांना लपवता येत नाही. आणि रूटचा पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे. एका डाळमिलवाल्या पालकानं यादीसमोर उभं राहून म्हटलं, "बाप रूट हाय, पोरगी पहिली येणारच की."

मी तिथं होतो. मला आत कुठंतरी गार वाटलं. जेबा हुशार आहे हे मी तिच्या लहानपणापासून पाहत होतो. तरी त्या वाक्याला मनातल्या मनात मान हलवली. घरी गौरम्माला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी लई घासती रात्रंदिन. तुमाला कशाला गोड लागून राहिलंय ते?" बायकांना दिसतं.

चार दिवसांनी रामलिंग सरांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. त्यांची शंका नव्हती, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण पालक येऊन बसताहेत, पैसे भरलेली माणसं आहेत, त्यांना काय सांगू, असं म्हणाले. दोनच वाटा होत्या. जेबाला स्पेशल बॅचमधून काढून साध्या बॅचला घालायचं. नाहीतर हनीफभाईंनी मशीन सोडायचं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अप्पा, तुमाला जमंल का ते वरचं मशीन?"

मला कशाला बोलावलंय ते तेव्हा कळलं. काचेची खोली, ती खुर्ची, ती हाक. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळत होतो ते सरांनी टेबलावर आणून ठेवलं. मला लिनक्समधलं काही येत नव्हतं. तरी मी नाही म्हणालो नाही. म्हणालो, "बघतो."

हनीफभाई माझ्याकडे पाहून नुसते हसले. मग सरांना म्हणाले, "दोन्ही नको सर. तिसरं करू. पासवर्डाचे दोन तुकडे करू. अर्धा माझ्याकडं, अर्धा अप्पांकडं. दोघं एका जागी बसल्याबगर रूट उघडायचं न्हाई. बारावीचे पेपर आमी दोघांनी बी टाइप करायचे न्हाईत."

सर म्हणाले, "अहो, अप्पांची पोरगी बी त्याच बॅचला हाय. लोक म्हणतील दोघं बाप मिळून उघडून बसले."

"न्हाई म्हणायचे. सगळ्या क्लासला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"अप्पांना माझं बघवत न्हाई." हे ते अगदी साध्या आवाजात बोलले, जसं एखाद्याला साखर चालत नाही म्हणावं. "आजचं न्हाई सर, औशापासनं. माझ्या पोरीचा नंबर यावा म्हणून अप्पा अर्धं अक्षर बी देणार न्हाईत. आन् त्यांच्या पोरीचा यावा म्हणून मी कशाला देऊ? ह्याच्याहून पक्कं कुलूप मला तरी ठाऊक न्हाई."

रामलिंग सरांना हसू आवरेना. माझे कान तापले. मला वाटत होतं की मी हे सगळं पोटात ठेवलं आहे. कधी एक वाकडा शब्द बोललो नव्हतो, ईदेला त्यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला जात होतो, आणि हा माणूस औशापासून ओळखून होता. ओळखूनही रोज सकाळी 'काय करलालाव अप्पा' म्हणत माझ्या टेबलाशी थांबत होता. मला तिथं राग यायला हवा होता. आला तो असा, की एवढं ओळखूनही याला माझा राग येत नाही, म्हणजे यातही हा माझ्या वर.

सरांनी लगेच होकार दिला.

पासवर्ड बदलायचा दिवस आठवतो. आधी हनीफभाईंनी त्यांचा तुकडा टाइप केला, मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे तोंड करून उभा. मग ते भिंतीकडे आणि मी कीबोर्डवर. चुकू नये म्हणून मशीन सगळं दोनदा मागतं, म्हणून पुन्हा सगळं तसंच. काचेच्या खोलीबाहेरून जाणारी पोरं पाहत होती की दोन म्हातारे आळीपाळीनं भिंतीकडे तोंड करून उभे राहताहेत. पुढे नवीन सर आले, त्यांचं खातं काढायचं, नवीन बॅचचा गट बनवायचा, असं काही निघालं की हाच खेळ. पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, निकाह. दोघांनी वेगवेगळं कबूल है म्हणावं लागतं म्हणून.

मग हनीफभाईंनी स्वतःचं साधं खातं सगळ्या विषयांच्या गटांतून काढून टाकलं आणि मला बाजूला बसवून बायोलॉजीचं फोल्डर उघडायला गेले. पडद्यावर उत्तर आलं, परवानगी नाही. फिजिक्स, परवानगी नाही. केमिस्ट्री, परवानगी नाही. प्रत्येक वेळी ते मान डोलावत होते, जसं कुणी चांगला शेर ऐकावा. मी माझ्या खात्यातून करून पाहिलं. मलाही परवानगी नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं की अजून एक चोरवाट आहे. मशीन बंद करून पुन्हा चालू करताना, समोर बसलेल्या माणसाला पासवर्डाशिवाय आत शिरता येतं. ती वाट मला कधीच कळली नसती. त्यांनी स्वतःहून सांगितली आणि मशीन लोखंडी कपाटात बंद करायला लावलं. किल्ली रामलिंग सरांच्या बायकोकडे, सिंधुताईंकडे गेली. कपाटाला मागून भोक पाडून तारा बाहेर काढल्या.

मला वाटलं, माणूस एवढं सगळं बंद करतो म्हणजे नक्की कुठंतरी काहीतरी उघडं ठेवलं असणार. ते मी शोधायचं ठरवलं. सकाळी लवकर येऊन कपाटाचं कुलूप पाहायचो. मशीनवर कोण कधी आलं, कोणी कुठली फाइल मागितली, हे कसं पाहायचं ते मी त्यांनाच विचारलं आणि त्यांनी शिकवलं. कुणाला काय करता येतं ते सांगणारी फाइलीपुढची अक्षरं वाचायला शिकलो. गट कसा पाहायचा, फोल्डरवरची खूण कशी ओळखायची, सगळं. कुणी विचारतं की अप्पा, तुम्ही त्या वयात लिनक्स कसं शिकलात. तर असं शिकलो. हनीफभाईंना पकडायला. ते शेजारी बसून म्हणायचे, "हितं बी बघा अप्पा, हितनं बी शिरता येतं." आणि मी तिथंही पाहायचो. गौरम्मा म्हणायची, "नोकरी करून राहिलाव का रखवाली? अन् ती बी दुसऱ्याच्या पोरीच्या नंबराची."

दोन टेस्ट जेबा खाली गेली. एकदा तिसरी, एकदा पाचवी. त्या दोन आठवड्यांत मला जेवण गोड लागलं. डाळमिलवाले जिन्यात म्हणाले, बघा, पासवर्ड तोडला आणि नंबर पडला. हनीफभाई खाली मान घालून काम करत राहिले. मुलीला ताप होता, परीक्षेला तशीच बसली होती, हे मला दीपमालानं सांगितलं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यावरही विश्वास ठेवला नसता.

मग मोठी सराव परीक्षा आली, सीईटीसारखीच. तिच्यावर शेवटची स्पेशल बॅच ठरणार होती. यादी लागली. जेबा पहिली, आणि दुसऱ्या मुलापेक्षा बरीच वर. दीपमाला नववी.

त्या शनिवारी पालकांची सभा होती. हॉल भरलेला. हनीफभाई मागच्या दाराशी उभे होते, कर्मचाऱ्यांनी उभं राहायचं असतं म्हणून. मी त्यांच्यापासून थोडा लांब. डाळमिलवाले उठले आणि म्हणाले की आमच्या पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे, ज्या घरात मशीनची चावी आहे त्या घरातली मुलगी बॅचमध्ये नको. बरेच जण 'बरोबर, बरोबर' म्हणाले. रामलिंग सरांनी अर्ध्या पासवर्डाची गोष्ट सांगितली. त्यावर डाळमिलवाले म्हणाले, "बाकीचा अर्धा ज्याच्याकडं हाय तो माणूस कुठाय? त्याला बोलू द्या."

सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मी आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोललो नव्हतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा पुढे माझ्या मेव्हण्यानंच भाषण केलं. त्या हॉलमध्ये मी एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, की साहेब, मी साधा टायपिस्ट, मला मशीनमधलं काय कळतं. खोटंही ठरलं नसतं. लाजऱ्या माणसाला कुणी पुढे विचारत नाही. तेवढ्यावर जेबा बॅचमधून गेली असती. तिच्या खालची मुलं एकेक पायरी वर चढली असती, दीपमालाही चढली असती. मी हनीफभाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांना वाईट कशाचं वाटतं, ते मला पहिल्यांदा दिसलं. दोन्ही हातांनी त्यांनी दाराची चौकट धरली होती.

"माझा तुकडा मी कुणाला दिला न्हाई," मी म्हणालो. आवाज फाटला. मागचे म्हणाले, ऐकू येत न्हाई.

"माझा तुकडा मी कुणाला दिला न्हाई. ह्यांना बी न्हाई."

डाळमिलवाले म्हणाले, "तुमच्यामागं त्यांनी उघडलं न्हाई कशावरून? तुमी काय चोवीस तास बसता का तिथं?"

"बसतो," मी म्हणालो. कुणीतरी हसलं. मग मला थांबता आलं नाही. "हनीफभाईंचं काही चुकावं म्हणून मी बसतो. रोज बघतो. ह्यांनी कुठं हात घातला, ह्यांचं कुठं उघडं राह्यलं. पोरगी खाली गेली तवा मला बरं वाटलं. आज माझी पोरगी नववी हाय अन् ह्यांची पहिली. काही सापडलं असतं तर ह्या सभेची वाट बघितली असती का मी? सापडलं न्हाई. तिचा नंबर तिचाच हाय."

डाळमिलवाले बसले. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, खरं दिसतंय, तोंड बघ की त्याचं. रामलिंग सरांनी पुढचा विषय घेतला, उन्हाळी वर्गांच्या वेळांचा. जेबा बॅचमध्ये राहिली.

दाराशी हनीफभाई माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता आभार मानतील, गळ्यात पडतील. मी अंग आखडून उभा राहिलो. ते म्हणाले, "अप्पा, सोमवारी गणिताच्या नव्या सरांचं खातं काढायचंय. लवकर या." आणि चष्मा पुसत जिना चढून गेले.

त्या वर्षी जेबाला नांदेडला सरकारी मेडिकल मिळालं. दीपमालाला फार्मसी मिळाली. आज तिचं अहमदपूरला औषधाचं दुकान आहे, ती सुखात आहे आणि मी हे असं मांडतो हे तिला आवडत नाही. निकालाच्या दिवशी हनीफभाई पेढे घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आले, सख्ख्या भावाकडे जायच्याही आधी. गौरम्मानं पेढे देवापुढे ठेवले आणि मग मला एक दिला.

गल्लीतली, नात्यातली माणसं पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली की बापच मशीनवर होता, पोरगी डॉक्टर झाली त्यात काय मोठं. म्हणून ती मोकळी व्हायची आणि आपल्या कामाला लागायची. मला ती सोय नव्हती. मी स्वतः कुलूप पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं. माझ्यासमोर कुणी तसं बोललं की मी म्हणायचो, न्हाई, तिचं तिनं मिळवलं, मला ठाऊक हाय. अजूनही कुणी बोललं तर म्हणतो. आणि म्हणताना प्रत्येक वेळी जळतो.